जीटी ते व्हीटी

मित्रांनो, जीटी म्हणजे काय हे आपल्या हॉस्टेलमध्ये कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. पण हा अंक स्टाफरूममध्येही वाचला जातो, म्हणून सांगतो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. एक काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खालून टेबल लॅम्प लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. रात्री एक ते चार या वेळात सबमिशन तयार! (सरांनाही हे सगळं माहीत असतं. तेही कधीतरी हॉस्टेलमध्येच राहिलेले असतात.)

सेकंड इयरला बिल्डिंग ड्रॉइंगची शेवटची शीट मी अशीच केली. घाई एवढी होती की प्लॅन एका मित्राचा छापला आणि सेक्शन दुसऱ्याचा. व्हायवाला सरांनी एकच प्रश्न विचारला. प्लॅनवर ए-ए ही रेष जिथून गेली आहे, तिथे घर कापलं तर काय दिसेल? मी सेक्शनकडे बोट दाखवून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, जिना. सर शांतपणे म्हणाले की रेष तर बाथरूममधून गेली आहे. बाजूला उभी असलेली अख्खी बॅच हसली. शीट परत मिळाली, तिच्यावर लाल पेनाची एक तिरकी रेघ.

मला राग नाही आला, लाज वाटली. कारण खरं सांगायचं तर तोपर्यंत प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन म्हणजे एकाच घराची तीन चित्रं, एवढंच मला वाटायचं. तीन का काढायची, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. त्याचं उत्तर मला दोन ठिकाणी मिळालं. एक, माझ्या आजीच्या गावी चारठाण्याला आणि दुसरं मुंबईत, १९०० साली वारलेल्या एका माणसाच्या आयुष्यात.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. जुन्या देवळांचं गाव. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेली हेमाडपंती देवळं, उंच कोरीव मानस्तंभ आणि गोकुळेश्वराची पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी बारव. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. त्यामुळे लहानपणी सुट्टीत गावी गेलो की मला इजिप्तच्या पिरॅमिडची माहिती असायची, पण बारव कशाला म्हणतात ते आजीला विचारावं लागायचं. असो.

ती लाल रेघेची शीट घेऊन मी दिवाळीत चारठाण्याला गेलो. आजीने शीट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं की बाळा, यात घर कुठंय? मी प्लॅन समजावू लागलो तर मलाच शब्द सापडेनात. शेवटी तिनेच कोडं सोडवलं. गवंडी पायाच्या वेळी जमिनीवर फक्की टाकून जी आखणी करतो, तीच ही कागदावर केलेली दिसते, असं ती म्हणाली. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे जास्त बरं होतं! फक्त एक गोष्ट तिच्यात मिळवायची. प्लॅन म्हणजे उभं घर खिडकीच्या उंचीवर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या भागाकडे वरून पाहायचं. म्हणून तर त्यात दारं, खिडक्या आणि भिंतींची जाडी दिसते.

संध्याकाळी बारवेवर जाऊन बसलो. वरून पाहिलं तर पायऱ्यांच्या नुसत्या ओळी दिसतात. पायरी किती उंच, तळ किती खोल, काही कळत नाही. पण हीच बारव कुणी खरवसाच्या वडीसारखी मधोमध उभी कापली, तर पायऱ्यांचा दातेरी उतार थेट तळापर्यंत डोळ्यांसमोर येईल. सेक्शन म्हणजे हा उभा काप. आणि ए-ए ही रेष म्हणजे सुरी कुठून फिरली त्याची खूण. सरांचा प्रश्न मला त्या पायरीवर बसून कळला, परीक्षेनंतर सहा महिन्यांनी.

त्याच सुट्टीत मुंबईला जायचं होतं. परभणीला रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. १९९६ साली व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव बदललं, २०१७ मध्ये त्यात महाराज हा शब्द आला, तरी आमच्या घरातली मोठी माणसं अजून व्हीटीच म्हणतात. आजवर मी तिथून दहा-बारा वेळा तरी गेलो असेन, पण मान वर करून पाहिलं नव्हतं. या वेळी बाहेर येऊन रस्ता ओलांडला, वळलो आणि पाहतच राहिलो. एवढ्या कमानी, घुमट, मोर, माकडं, सिंह... हे सगळं कुणीतरी आधी कागदावर काढलं असणार ना? त्या माणसाचं नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसून त्यांच्याविषयी जे वाचलं, ते इथे सांगतो.

स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधल्या बाथ या शहरात झाला. बाथ हे मधाच्या रंगाच्या दगडी इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथले आर्किटेक्ट चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली. त्या काळी बहुतेक मुलं हा धंदा कॉलेजात नव्हे, तर कुणाच्या तरी ऑफिसात राहून शिकत. उमेदवाराचं पहिलं काम म्हणजे साहेबांची ड्रॉइंग्ज ट्रेस करून नकला तयार करणं. झेरॉक्स नव्हतं, प्लॉटर नव्हता, प्रत्येक नकल हातानेच. म्हणजे पाहा, तेही जीटीच मारत होते! फरक एवढाच की त्यांची नकल दुसऱ्या दिवशी साइटवर जायची. रेष चुकली तर भिंत चुकायची. त्यामुळे प्रत्येक रेष काय सांगते ते कळल्याशिवाय सुटका नसे.

१८६७ साली स्टीव्हन्स हिंदुस्थानात आले आणि सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. वय जेमतेम वीस, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. सुरुवात पुण्यात झाली आणि लवकरच बदली मुंबईला. तिथे जनरल फुलर यांच्या हाताखाली त्यांना काम मिळालं. मुंबईचं हायकोर्ट बांधणारे ते हेच फुलर.

त्या वेळची मुंबई म्हणजे एक मोठी साइटच होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा आला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात जुन्या किल्ल्याचे तट पाडले आणि मोकळ्या जागेवर सरकारी इमारती उभ्या राहू लागल्या. यातली एक गोष्ट मला फार आवडली. मुंबई विद्यापीठाचा दीक्षांत सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचं डिझाइन सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केलं, आणि हे स्कॉट आयुष्यात कधी मुंबईला आलेच नाहीत! लंडनहून ड्रॉइंग्ज आली आणि इथल्या लोकांनी ती वाचून टॉवर उभा केला. बोलायला फोन नाही, विचारायला ईमेल नाही. ड्रॉइंग अपुरं असतं तर? म्हणजे ड्रॉइंग हे चित्र नाही, ते पत्र आहे. काढणारा हजर नसताना बांधणाऱ्याला सगळं कळलं पाहिजे. स्टीव्हन्स यांची तरुणपणाची वर्षं अशा कागदांच्या शहरात गेली.

त्यांचं पहिलं मोठं नाव झालं ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममुळे. खलाशांसाठीची ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. गेटवेजवळची ही इमारत पुढे अनेक वर्षं विधिमंडळाची होती आणि आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. हे काम पाहूनच जीआयपी रेल्वेने आपल्या नव्या टर्मिनससाठी सरकारकडून स्टीव्हन्स यांना मागून घेतलं. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी जिथून सुटली, ते बोरीबंदरचं जुनं स्टेशन आता अपुरं पडत होतं.

तिशीच्या इंजिनिअरला एवढं काम मिळाल्यावर आपण काय केलं असतं? लगेच शीट लावली असती. स्टीव्हन्स यांनी आधी युरोपचा दौरा केला. तब्बल दहा महिने ते तिथली मोठी स्टेशनं पाहत फिरले. परत येऊन मग पेन्सिल हातात घेतली.

१८७८ साली या इमारतीचं एक जलरंगातलं चित्र तयार झालं. ते काढलं अॅक्सल हेग या मूळच्या स्वीडिश चित्रकाराने. याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. यात जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान, आकाशात ढग असतात आणि रस्त्यावर माणसं. दिसायला सगळ्यात सुंदर, पण त्यावर पट्टी ठेवून एकही माप घेता येत नाही. मग उपयोग काय? उपयोग असा की ज्याला प्लॅन वाचता येत नाही, त्यालाही इमारत दिसते. पैसे देणारा आणि मंजुरी देणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो. माझ्या आजीला मी आधी पर्स्पेक्टिव्ह दाखवायला हवं होतं!

पण गवंड्याला पर्स्पेक्टिव्हचा काही उपयोग नाही. त्याला प्लॅन लागतो. व्हीटीचा प्लॅन इंग्रजी सी अक्षरासारखा आहे, मधल्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखा. दोन पंखांमध्ये रेल्वेची ऑफिसं, मध्यभागी मोठा जिना आणि गाड्यांची शेड शेजारी वेगळी. बाहेर उभं राहून कितीही पाहिलं तरी हा सी दिसत नाही. हजारो प्रवाशांची आणि ऑफिसच्या लोकांची एकमेकांत गर्दी होऊ द्यायची नाही, हे प्लॅनमध्येच ठरलेलं आहे.

एलिव्हेशन म्हणजे इमारतीची एक बाजू अगदी सरळ समोरून, लांबचं लहान न करता. व्हीटीची पश्चिमेची बाजू पाहा. खिडक्यांच्या ओळी, टोकदार कमानी, मध्ये घुमट. समोरून किती मजले, कुठली कमान कुठल्या कमानीच्या बरोबर वर, मालाडचा पिवळसर दगड कुठे आणि निळसर काळा बेसाल्ट कुठे, हे ठरवायचं तर एलिव्हेशन हवं. त्यात उंची आणि रुंदी खरी असते, पण खोली शून्य. घुमट गोल आहे की चपटा, ते एकट्या एलिव्हेशनवरून कळणार नाही.

घुमटासाठी सेक्शनच हवा. हा घुमट अष्टकोनी पायावर उभा आहे आणि त्याच्या खाली तो मोठा जिना मोकळ्या जागेत वर चढतो. युनेस्कोच्या नोंदीतही या घुमटाचं खास कौतुक आहे. त्याच्या फासळ्या एकमेकींत खाचांनी गुंतवलेल्या आहेत आणि तो सेंटरिंग न करता बांधला. सिव्हिलच्या मित्रांना यातलं धाडस लगेच कळेल. खालून आधार नाही, म्हणजे प्रत्येक थर चढवताना तो स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे. भिंत किती जाड, फासळी कुठे वळते, वजन कुठल्या खांबावर उतरतं, हे बाहेरून दिसत नाही आणि वरूनही दिसत नाही. ते फक्त उभा काप घेतल्यावर दिसतं. आता सांगा, असला घुमट बांधताना प्लॅन एकाचा आणि सेक्शन दुसऱ्याचा छापला असता तर?

आणि शेवटी डिटेल. मोठ्या स्केलवर, कधी कधी तर प्रत्यक्ष आकारात काढलेलं ड्रॉइंग. एक कमान, एक खांबाचं डोकं, एक जाळी. व्हीटीवरच्या नक्षीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथे शिकवत. म्हणजे ज्या इमारतीला आज जगभरचे लोक फोटो काढायला येतात, तिची पानंफुलं आणि पशुपक्षी यांत तुमच्या-माझ्यासारख्या कॉलेजच्या पोरांचं काम आहे! घुमटावरचा प्रगतीचा पुतळा आणि फाटकावरचे सिंह-वाघ मात्र टॉमस अर्प या शिल्पकाराचे.

काम दहा वर्षं चाललं. स्टीव्हन्स यांच्यासोबत सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. हे नाव वाचून मला फार बरं वाटलं. कारण साहेबाचं डिझाइन खरं होतं ते साइटवर, आणि तिथे रोज उभा राहणारा इंजिनिअर आपला होता. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली म्हणून स्टेशनला तिचं नाव दिलं आणि १८८८ मध्ये इमारत पूर्ण झाली. खर्च सोळा लाख रुपयांच्या आसपास. पुढे २००४ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

मधल्या काळात, १८८४ साली, स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून मुंबईतच स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. १८८९ मध्ये त्यांना सी.आय.ई. हा किताब मिळाला. आणि व्हीटीच्या बरोबर समोर त्यांना दुसरं काम मिळालं, महापालिकेच्या इमारतीचं. या कामासाठी आधी मद्रासचे नामवंत आर्किटेक्ट चिझम यांचं डिझाइन घेतलं होतं. ते बाजूला पडलं आणि काम स्टीव्हन्स यांच्याकडे आलं. इथे अडचण जागेची होती. दोन रस्ते जिथे तिरके भेटतात, त्या कोपऱ्यातली जागा. अशा वेळी सगळ्यात आधी हातात घ्यायचं ड्रॉइंग म्हणजे साइट प्लॅन. रस्ते कुठे, उत्तर दिशा कुठे, समोर काय आहे. आपण शीटच्या कोपऱ्यात तो सगळ्यात शेवटी घाईघाईत काढतो. स्टीव्हन्स यांनी मात्र तो कोपराच इमारतीचा चेहरा केला. दोन्ही पंख दोन रस्त्यांच्या कडेने मागे गेले आणि टोकावर उंच मनोरा आला. १८९३ मध्ये ही इमारत पूर्ण झाली. त्यानंतर चर्चगेटची बीबीसीआय रेल्वेची इमारत, १८९९ मध्ये. आज ती पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे.

दुसऱ्याच वर्षी, ३ मार्च १९०० रोजी, मलेरियाने मुंबईतच त्यांचं निधन झालं. वय अवघं बावन्न. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. बाथला ते परतले नाहीत. त्यांचा मुलगा चार्ल्स हाही आर्किटेक्ट झाला. कुलाब्याचं रीगल सिनेमागृह, जे १९३३ साली सुरू झालं, ते त्याचं डिझाइन.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या काळचं राज्य परकं होतं, पैसा याच देशातल्या मालावर आणि मजुरीवर उभा राहिला होता, आणि घुमटाच्या फासळ्या प्रत्यक्ष बसवणाऱ्या पाथरवटांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. स्टीव्हन्स यांचं नाव उरलं, कारण त्यांच्या ड्रॉइंगवर त्यांची सही होती. माझ्या चारठाण्याच्या बारवेचंही तेच झालं. ती आखणारा सूत्रधार स्टीव्हन्स यांच्यापेक्षा काही कमी नव्हता. पण त्याचा कागद आपल्या हाती आला नाही, आपल्याकडे आहेत ते फक्त दगड. आणि दगड पावसाने सरकतात, त्यांच्या फटींत झाडं वाढतात, कुणी एखादा उचलूनही नेतो. एकदा दगड हलला की तो मूळ कुठे होता हे कोण सांगणार?

याचं उत्तरही ड्रॉइंगमध्येच आहे. त्याला मेजर्ड ड्रॉइंग म्हणतात. इतर ड्रॉइंग्ज इमारतीच्या आधी निघतात, हे नंतर निघतं. उभ्या वास्तूची मापं घ्यायची आणि तिचा प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन कागदावर आणायचा. यात जीटी चालत नाही, कारण खाली ठेवायला कुणाची शीटच नसते!

या उन्हाळ्यात मी आणि माझे दोन रूममेट चारठाण्याला गेलो. टेप, ओळंबा, दोरी आणि एक वही. गावातल्या मोठ्यांना आधी विचारलं, कुठल्याही दगडाला धक्का लावला नाही. तीन दिवस पायरी-पायरी मोजली. अर्ध्याहून जास्त मापं चुकली आणि परत घ्यावी लागली. काम अजून पूर्ण झालेलं नाही, पण बारवेचा एक सेक्शन तयार आहे. त्याची रेष प्लॅनवर जिथून दाखवली आहे, तिथूनच तो घेतलेला आहे. सरांनी हवं तर तपासावं.

तो सेक्शन आजीला दाखवला. या वेळी तिने घर कुठंय असं विचारलं नाही. बोट एका पायरीवर ठेवलं आणि सांगितलं की लग्न होऊन आली तेव्हा पाणी इथपर्यंत असायचं. मी पेन्सिल घेतली आणि तिथे एक बारीक तुटक रेष मारली.

मित्रांनो, शेवटी एवढंच सांगावंसं वाटतं. आपल्या प्रत्येकाच्या गावात एखादी बारव, वेस, गढी किंवा जुना वाडा असतोच. पुढच्या सुट्टीत टेप घेऊन जा. आणि हो, काच मात्र खिडकीतच राहू द्या.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी